मदतीला धावतात तेव्हा मच्छीमार, हक्क मागतात तेव्हा ख्रिस्ती

आपल्या धर्मग्रामांच्या सभांतून आणि विवाहसमारंभाच्या मांडवांतून हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. वृत्तपत्रे आपल्याला जागा देत नाहीत. आपल्या विहिरी खाऱ्या होतात, वाड्या भरावाखाली जातात, किनारे खचतात, पण त्याची दोन ओळींची बातमी व्हायलाही कुणाची तरी ओळख लागते. या तक्रारीला आपल्यातलीच शिकलेली मंडळी ठरलेले उत्तर देतात. पर्यावरणाला जात नसते, धर्म नसतो. तुम्ही उगाच आपली ओळख पुढे करता, म्हणून तुमचा प्रश्न मागे पडतो. हे दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात. पहिला पक्ष अन्याय ओळखतो, पण त्याचे मूळ चुकीच्या जागी शोधतो. दुसऱ्याला तर अन्यायच दिसत नाही आणि न दिसणे म्हणजे निःपक्षपातीपणा अशी त्याची समजूत आहे. याविषयी हवेत बोलण्यापेक्षा एक प्रकरण नीट तपासावे. ते केरळच्या किनाऱ्यावरचे असले तरी दर्याकाठच्या कोणत्याही ख्रिस्ती कुटुंबाला परके वाटणार नाही.

तिरुवनंतपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पूंतुरा, वलियतुरा, विळिंजम अशी दाट वस्तीची कोळीगावे आहेत. सोळाव्या शतकात, १५४४ च्या सुमारास, संत फ्रान्सिस झेवियर या किनाऱ्यावर आले. इथल्या मुक्कुवर समाजाची ख्रिस्ती परंपरा तेव्हापासूनची. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी चक्रीवादळ आले ते याच लोकांवर. इशारा उशिरा पोहोचला, तोवर नौका खोल समुद्रात गेल्या होत्या. एकट्या केरळातील शंभराहून अधिक दर्यावर्दी परतले नाहीत. वादळात भरकटलेल्या साठाहून अधिक नौका आपल्या सिंधुदुर्गात देवगडच्या आश्रयाला आल्या, तेव्हा त्यांना जेवू घालणाऱ्या कोकणी माणसाने त्यांची जात विचारली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळात महापूर आला. लष्कराच्या आणि नौदलाच्या नौका पुरेनात. तेव्हा हेच मच्छीमार आपल्या होड्या मालमोटारींवर चढवून, ज्या गावांत ते कधी गेले नव्हते अशा गावांच्या गल्ल्यांतून वल्हवत गेले. तिरुवनंतपुरमहून गेलेल्या होड्या पथनमथिट्टा आणि चेंगन्नूरपर्यंत पोहोचल्या. त्यांच्याबरोबर मलबारचे मुसलमान मच्छीमार होते, हिंदू धीवर होते. सुमारे साडेचार हजार माणसे आणि ६६९ होड्या; त्यांनी वाचविलेल्यांची संख्या पासष्ट हजारांच्या घरात सांगितली जाते. बायकांना होडीत चढता यावे म्हणून एका मच्छीमाराने पाण्यात ओणवे होऊन आपल्या पाठीची पायरी केली, ते चित्र देशभर पोहोचले. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी या लोकांना केरळचे सैन्य म्हटले. त्या दिवसांतली वृत्तपत्रे आठवून पाहावीत. मथळ्यात शब्द असे ते 'मच्छीमार', 'दर्यापुत्र', 'देवदूत'. ते कोणत्या चर्चचे, कोणत्या पंथाचे, हे कुणाला लिहावेसे वाटले नाही. लिहायचे कारणही नव्हते.

चार वर्षांनी तीच माणसे रस्त्यावर बसली. विळिंजम येथे अदानी समूहाकडून खोल समुद्राचे बंदर उभारले जात होते. २०१५ मध्ये करार झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काम सुरू झाले. बंदराला लाटांपासून आडोसा म्हणून सुमारे तीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध समुद्रात घातला जातो. किनाऱ्यावरची वाळू एका जागी स्थिर नसते, हे आपल्या पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या पोरालाही ठाऊक असते. लाटा तिरप्या येतात आणि वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत राहते. एका ऋतूत जाते, दुसऱ्या ऋतूत परत येते. मध्ये आडवा बांध घातला की एका अंगाला वाळू साचते आणि दुसऱ्या अंगाला किनाऱ्याची झीज होते. मच्छीमारांचे म्हणणे होते की उत्तरेकडची आपली घरे अशीच गेली. शासनाचे आणि कंपनीचे म्हणणे होते की झीज बंदराच्या आधीपासूनची आहे, वादळे वाढली आहेत, बंदराचा त्यात दोष नाही. वाद खरा होता, शास्त्राचा होता आणि सुटण्याजोगा होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये बंदराची परवानगी कायम ठेवली तीही अटी घालूनच.

दरम्यान वलियतुऱ्याला शेकडो माणसे वर्षानुवर्षे सिमेंटच्या गोदामात आणि शाळेच्या वर्गांत राहत होती. लुगड्याचा पडदा लावून केलेल्या खोलीत मुली वयात आल्या, म्हातारी माणसे वारली. शंखुमुखमचा विमानतळाकडे जाणारा रस्ता २०२१ मध्ये समुद्राने खाल्ला, तेव्हा त्याची बातमी झाली. रस्त्यावरून विमानाचे प्रवासी जातात. गोदामातून कुणी कुठे जात नव्हते.

१६ ऑगस्ट २०२२ रोजी तिरुवनंतपुरमच्या लॅटिन महाधर्मप्रांताच्या पुढाकाराने बंदराच्या दारावर धरणे सुरू झाले. मागण्या सात होत्या. बांधकाम थांबवून किनाऱ्याची स्वतंत्र पाहणी करा, बेघरांना घरे द्या, वादळी हवामानामुळे समुद्र बंद असेल त्या दिवसांची भरपाई द्या, स्वस्त रॉकेल द्या, मुतलपोळीच्या धोकादायक बंदरमुखाचा बंदोबस्त करा, अशा त्या मागण्या. यांत धर्माची मागणी एकही नाही. तरीही या आंदोलनाचे नाव जे पडले ते 'चर्चचे आंदोलन'. परकीय पैशाचा आरोप आला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे मार्क्सवादी कम्युनिस्ट आणि भारतीय जनता पक्ष यांचे जिल्हानेते बंदराच्या समर्थनार्थ एका व्यासपीठावर बसले. दिल्लीच्या वाहिन्यांना मात्र तीन महिने विळिंजम हे नाव क्वचितच उच्चारावेसे वाटले. त्या खऱ्या अर्थाने जाग्या झाल्या त्या २६ आणि २७ नोव्हेंबरला, जेव्हा बंदरसमर्थक आणि विरोधक यांच्यात चकमक झाली आणि जमावाने पोलीस ठाण्यावर हल्ला केला. कित्येक पोलीस जखमी झाले. तो हल्ला निंद्यच होता. त्याची वकिली करण्याचे कारण नाही. पण तीन हजार माणसांवर गुन्हा आणि आर्चबिशप थॉमस नेट्टो यांचेच नाव आरोपींत अग्रभागी, ही बातमी झाल्यावर गोदामाची बातमी उरलीच नाही. वाळू, बांध, रॉकेल, मुतलपोळी हे सारे शब्द मागे पडले आणि 'चर्च विरुद्ध शासन', 'ख्रिस्ती विरुद्ध हिंदू' एवढेच शिल्लक राहिले.

पुरात जी माणसे मच्छीमार होती ती मागणी करताच ख्रिस्ती झाली. माझा आक्षेप नेमका इथे आहे. त्यांना ख्रिस्ती म्हटले यात अपमान काहीच नाही; ती आहेतच ख्रिस्ती. त्या किनाऱ्यावर चर्च हीच पंचायत आहे आणि कागद लिहून देणारी, कोर्टात उभी राहणारी, हिशेब ठेवणारी संस्थाही तीच. तेव्हा बातमीत चर्चचा उल्लेख येणारच, यायलाच हवा. आक्षेप आहे तो ओळख प्रश्नाच्या जागी आणून बसविण्याला. एकदा 'चर्च' हा शब्द लिहिला की वार्ताहराला वाळूचे गणित समजून घ्यावे लागत नाही आणि संपादकाला दर्याकाठी माणूस पाठवावा लागत नाही. धर्माच्या भांडणाची बातमी कार्यालयातल्या खुर्चीवर बसून लिहिता येते.

पण इथे आपल्याच अंगणातली गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे रडगाणे होईल. नोव्हेंबरच्या त्याच आठवड्यात आंदोलनाच्या एका निमंत्रक धर्मगुरूंनी राज्याचे मत्स्यव्यवसाय मंत्री व्ही. अब्दुरहिमान यांच्याविषयी असे उद्गार काढले की त्यांच्या नावातच दहशतवादी आहे. पुढे क्षमा मागितली गेली, गुन्हाही नोंदला गेला. चार वर्षांपूर्वी मलबारचे मुसलमान मच्छीमार ज्यांच्या होडीला होडी लावून पुरात उतरले होते, त्यांच्या व्यासपीठावरून हे उद्गार निघाले! ओळखीचे राजकारण फक्त दुसरेच करतात असे मानणाऱ्यांनी हे वाक्य विसरू नये. आंदोलनाची शंभर दिवसांची तपश्चर्या त्या एका वाक्याने विरोधकांच्या हाती दिली. बातमीदारांनी ते उचलले म्हणून त्यांना दोष देणे हा निव्वळ कांगावा होय.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. 'पर्यावरणाला धर्म-जात नसते' हे म्हणणे ऐकायला मोठे उदात्त आहे. दर नोव्हेंबरात दिल्लीचा धूर देशाचा प्रश्न होतो. पहिले पान, रात्रीची चर्चा, सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी. तो होऊ नये असे मी म्हणत नाही, दिल्लीच्या लहान मुलांचीही फुप्फुसेच आहेत. पण त्या बातमीत श्वास घेणाऱ्याची जात किंवा धर्म कधी लिहिला जातो का? नाही. तो 'नागरिक' असतो. ज्याच्या ओळखीची कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही, त्यालाच ओळखीच्या पलीकडे जाता येते. विळिंजमच्या माणसाला ती चैन परवडत नाही. तो स्वतः गप्प राहिला तरी मथळा त्याच्या गळ्यात पाटी अडकवतोच.

मुंबईतलेच एक उदाहरण घ्या. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरे वसाहतीतली झाडे रातोरात कापली गेली. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. सारा देश हळहळला आणि ते योग्यच झाले. त्याच वर्षी, त्याच शहरात, चेंबूरजवळच्या माहुल गावात तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडून आणून टाकलेली हजारो माणसे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत राहत होती. तिथली हवा आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच नोंदविले होते. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे मानून दरमहा १५,००० रुपये घरभाडे देण्याचा आदेश दिला. निकाल लहान नव्हता. मात्र आरेला जेवढी पाने मिळाली त्याच्या पासंगालाही माहुलची पाने लागली नाहीत. आणि आरेच्या बातमीतसुद्धा झाडे जेवढी दिसली तेवढे तिथल्या पाड्यांतले वारली दिसले का? झाडाला ओळख नसते. त्याच्यासाठी रडणे सर्वांना सोपे जाते. माहुलचा माणूस दिसला की तो कुठल्या वस्तीतून आला, त्याचे घर अधिकृत होते का, असे प्रश्न आधी सुचतात.

हे असे का होते, याची कारणे गूढ नाहीत. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वृत्तसंस्थांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय असल्याचे आढळले. अनुसूचित जाती-जमातींचा माणूस त्यांत एकही नव्हता. याचा अर्थ ते १०६ जण दुष्ट आहेत असा कुणी काढू नये. अर्थ एवढाच की त्यांच्यापैकी कुणाची आजी गोदामात राहत नाही, कुणाचा मामा मासळी सुकवत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात नेमके यावर बोट ठेवले होते. मत घडविणारी माणसे, प्रसारमाध्यमे आणि सत्ताकेंद्रे सुखवस्तू शहरी भागांत असतात, गरिबांशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध येत नाही, अशा आशयाचे ते विवेचन आहे. या परिपत्रकावर आपल्याकडे प्रवचने पुष्कळ झाली, झाडेही लावली गेली. हा परिच्छेद मात्र व्यासपीठावरून क्वचितच वाचला जातो.

मालकीचा प्रश्न याहून अवघड. बंदराच्या दारावरचे धरणे १६ ऑगस्ट २०२२ ला सुरू झाले आणि २३ ऑगस्टला अदानी समूहाने एन.डी.टी.व्ही. या वाहिनीतला हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. डिसेंबरअखेर वाहिनी त्यांच्या ताब्यात होती. यात कारस्थान शोधण्याचा माझा हेतू नाही. वाहिनीचा व्यवहार विळिंजमसाठी झाला असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण ज्याचे बंदर त्याचीच वाहिनी, अशी स्थिती आल्यावर त्या बंदराविषयीच्या बातमीकडे वाचकाने कोणत्या विश्वासाने पाहावे, हा प्रश्न विचारणे कारस्थानवाद नव्हे. तो साधा व्यवहार आहे. दुकानदाराच्याच तराजूवर त्याचा माल तपासत नाहीत.

६ डिसेंबर २०२२ ला धरणे मागे घेतले गेले. बांधकाम थांबविण्याची मुख्य मागणी मान्य झाली नाही; बेघरांना दरमहा ५,५०० रुपये भाडे आणि अभ्यासाचे आश्वासन मिळाले. झिजेच्या अभ्यासासाठी शासनाने जी तज्ज्ञसमिती नेमली तिचे अध्यक्ष पुण्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेतले निवृत्त अधिकारी होते. मच्छीमारांनी आपली वेगळी लोकसमिती नेमली. २ मे २०२५ ला पंतप्रधानांनी बंदराचे उद्घाटन केले, तो सोहळा साऱ्या देशाने थेट पाहिला. त्यानंतर ऑगस्टमध्ये मुट्टत्तरा येथे तीनशेहून अधिक कुटुंबांना सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. तो सोहळा देशाने पाहिल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडचा अनुभव याहून फार निराळा आहे काय? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'च्या लढ्यात आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. त्या लढ्यात सामवेदी होते, वाडवळ होते, आगरी-कोळी होते, हिंदू होते, ख्रिस्ती होते. विहिरीचे पाणी सर्वांचे एकच होते. २०१९ मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा काही संघटनांनी केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून विरोध केला. आठवडेच्या आठवडे चर्चा चालली ती 'फादर' या एका शब्दावर म्हणा ना. मराठी समाजाला पाणी आणि वाडी यांचे राजकारण समजावून सांगणारा माणूस संमेलनाच्या पीठावर येत आहे, ही बातमी तिच्या मानाने किती ठिकाणी झाली? जुलै २०२४ मध्ये फादर गेले, तेव्हा श्रद्धांजल्यांतून पर्यावरण पुन्हा वर आले. हयातीत ओळख, मेल्यावर कार्य, असा हा न्याय.

म्हणून माझे सांगणे आपल्याच लोकांना आधी आहे. आपली नियतकालिके कुणाचे दुःख छापतात? वाढवणचे बंदर हा आपल्याच किनाऱ्याचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये नेमलेल्या डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये तिथे बंदराला नकार दिला होता. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी तेव्हा अध्यक्ष होते. त्यांच्या निधनानंतर, २०२३ मध्ये, त्याच प्राधिकरणाने अनुमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या खर्चाला मान्यता दिली आणि ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. समुद्रात दहा किलोमीटरचा बांध आणि चौदाशे हेक्टरांहून अधिक भराव. विळिंजमच्या तिप्पट लांबीचा बांध म्हणजे वाळूचे आणि मासळीच्या प्रजननाचे केवढे गणित बदलेल, हे पालघरपासून वसई-उत्तनपर्यंतच्या प्रत्येक नाखव्याने विचारायला हवे. तिथे लढणारे बहुसंख्य हिंदू मांगेला, वैती आणि कोळी आहेत, त्यांच्या पाठीशी आदिवासी आहेत. 'चर्चचे आंदोलन' हा शिक्का तिथे चालत नाही, म्हणून 'विकासविरोधक' हा दुसरा शिक्का तयार आहे. दोन्ही शिक्के एकाच पेटीतले.

वाढवणच्या लढ्याविषयी आपल्या धर्मप्रांतातल्या किती पत्रिकांनी सविस्तर लिहिले? उत्तनच्या कचराभूमीवर आपण पोटतिडकीने लिहितो, कारण ती आपल्या नाकाशी आहे. माहुलविषयी, डहाणूच्या वारल्यांविषयी आपले रकाने कोरडे राहतात. मोठ्या वृत्तपत्राने आपल्याला ओळखीच्या चष्म्यातून पाहिले की आपण संतापतो. आपला चष्मा मात्र आपल्याला नाकावर जाणवत नाही. केरळच्या धर्मगुरूंच्या तोंडून ते वाक्य निघाले, ते या सवयीतूनच निघाले.

वाढवणच्या किनाऱ्यावर यंदाच्या पावसाळ्यानंतर वाळू कुठे साचली आणि कुठे गेली, जाळ्यात कोणती मासळी कमी झाली, हे टिपून ठेवायला एक वही आणि एक माणूस पुरतो. आपल्या कोळीवाड्यांतल्या पदवीधर मुलांपैकी दोघांनी वाढवणला, दोघांनी माहुलला जावे. त्यांनी लिहून आणलेले या त्रैमासिकाच्या पुढच्या अंकात छापावे, आणि छापताना लिहिणाऱ्याच्या किंवा सोसणाऱ्याच्या नावापुढे तो कोणत्या धर्मग्रामाचा, हे विचारू नये.